लव्हाळ्याचा अभंग आणि एका माळकऱ्याची शंका



या महिन्याच्या निरूपणास आम्ही तुकोबारायांचा महापुराचा अभंग घेतला आहे. तो आपणां सर्वांना पाठ आहे, शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे, म्हणून येथे लिहून जागा अडवीत नाही. पाठ असलेल्या अभंगाची एक अडचण असते. तो जिभेवर इतका रुळलेला असतो की पोटात उतरत नाही. आमचेही तसेच झाले होते. कीर्तनात आम्ही हा अभंग किती वेळा लावला असेल याची गणती नाही. लव्हाळे म्हणजे नम्रता, झाड म्हणजे ताठा, पूर म्हणजे काळ, एवढे सांगितले की टाळ वाजत आणि आम्ही पुढे जात असू. पण खरा महापूर उंबऱ्याच्या आत आला, आणि त्यानंतर एका माळकऱ्याने साधा प्रश्न विचारला, तेव्हा आमचे निरूपण कोरडे आहे हे आम्हांला कळले.

आमचे गाव हातकणंगले तालुक्यात वारणेच्या अंगाला आहे. ज्यांनी हा तालुका पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. उत्तरेला वारणा, दक्षिणेकडून पंचगंगा, आणि मध्ये आळत्याचा रामलिंगाचा डोंगर, कुंभोजजवळची बाहुबलीची टेकडी, अशी ही भूमी आहे. मधली गावे पाण्यासाठी आभाळाकडे बघतात आणि काठची गावे पाण्याला भिऊन आभाळाकडे बघतात. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची जत्रा भरते, तेथे धनगर बांधवांच्या भंडाऱ्याने माती पिवळी होते. म्हणजे विठ्ठल आम्हांला पंढरीलाच भेटतो असे नाही, तालुक्यातही तो घोंगडी पांघरून उभा आहे.

२०१९ सालच्या श्रावणात, नागपंचमी आणि महापूर एकाच आठवड्यात आले. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका मानतात. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ पुणे-बेंगळूर हमरस्ता पाण्याखाली जाऊन कितीतरी दिवस बंद पडला. वारणेकडे वरून चांदोलीचे पाणी, आभाळातून पाऊस, आणि खाली कृष्णा तुंबलेली, त्यामुळे आलेले पाणी पुढे सरकेना. आमच्या विठ्ठलमंदिरात पाणी गाभाऱ्यापर्यंत आले. श्रावणातले पारायण राहिले. पोथ्या, वीणा आणि पखवाज आम्ही माळ्यावर चढविले होते. पखवाज तरीही दमट होऊन उतरला तो उतरलाच. ही आमची हानी सांगण्यासारखीसुद्धा नाही. लोकांची जनावरे गेली, घरे बसली, उभा ऊस कुजून त्याचा वास दिवाळीपर्यंत शिवारात होता.

पुढे २०२१ साली आषाढी एकादशी २० जुलैला होती. कोरोनामुळे मानाच्या पालख्या एस.टी. गाड्यांतून पंढरपुरास गेल्या होत्या, आम्ही घरीच टाळ वाजविले होते, आणि एकादशीचे पारणे होऊन दोन-तीन दिवस झाले नाहीत तोच पाणी पुन्हा तेवढेच चढले. २००५ चा पूर म्हाताऱ्यांना आठवत होता, २०१९ चा सर्वांना आठवत होता, आणि आता लहान पोरांनाही एक झाला. २०२४ च्या जुलैतही पंचगंगेने धोक्याची रेषा ओलांडली. शंभर वर्षांतून एकदा म्हणायचे दिवस राहिले नाहीत.

या पुरांत नदीकाठची झाडे फार गेली. हे कोणाच्या डोळ्यांत भरले नाही, कारण माणसाला आधी घर दिसते, मग जनावर, मग पीक. झाड शेवटी दिसते. पाणी ओसरल्यावर आम्ही काठाने चालत गेलो तर घाटावरचा जुना पिंपळ मुळासकट आडवा, त्याखालचा पार उसवलेला, आणि जेथे उंबर होते तेथे नदीने काठाचा मोठा घास घेतलेला. शेवगा आणि पपई तर उभ्या उभ्या मेल्या. त्यांची मुळे पाण्यात दोन-चार दिवसही श्वास कोंडून राहू शकत नाहीत. आंबा थोडा तग धरतो, पण आठवडाभर पाण्यात उभा राहिला की पुढच्या उन्हाळ्यात शेंड्याकडून वाळत येतो.

तेव्हा गावात एक बोलणे निघाले, ते येथे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. काही जण म्हणू लागले, आणि खेदाने लिहावे लागते की कीर्तनाच्या गादीवरूनही हे बोलले गेले, की पूर म्हणजे पापाचे फळ. कलियुग माजले, देवधर्म सुटला, म्हणून नदी कोपली. आम्हांला हे पटत नाही. पाणी पहिल्यांदा शिरले ते सखल वस्तीतल्या गरिबाच्या खोपटात, आणि त्याच वेळी देवळातही. काय, पांडुरंगाने पाप केले होते? ज्यांच्या नावाने आपण वारी करतो त्या तुकोबारायांनी १६३० च्या सुमाराचा भयंकर दुष्काळ भोगला. घरात बायको आणि लेकरू गेले, व्यापार बुडाला. तेथे कोण पाप मोजावयास जाईल? त्या दुःखानंतर महाराजांनी काय केले, ते पाहावे. वाडवडिलांचे विठ्ठलाचे देऊळ पडायला आले होते, ते त्यांनी हाताने माती कालवून उभे केले. लोकांकडचे येणे होते त्यांतल्या आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. संकट का आले याची चिकित्सा करीत ते बसले नाहीत. पडलेले उभारले आणि बुडवायचे ते बुडविले. आम्हांला वाटते, पूर ओसरल्यानंतरचा धर्म या दोन गोष्टींत आहे.

आता आमच्या चुकीची हकीकत. २०१९ चे पाणी ओसरले आणि मदतीचा दुसरा पूर आला. चादरी आल्या, भांडी आली, बिस्किटे तर इतकी आली की गुरांना घालावी लागली. देणाऱ्यांचे मन मोठे होते, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यातच एका शहरातल्या मंडळींनी एक ट्रक भरून रोपे आणली. गुलमोहोर, सिल्व्हर ओक, आणखी काही शोभेची झाडे. आम्हांला भरते आले. भजनी मंडळाची सगळी माणसे फावडी घेऊन धावली. गणपतीच्या दिवसांत, चिखल अजून पायाला चिकटत असताना, एका दुपारात सगळी रोपे लावून मोकळे झालो. फोटो निघाले. आम्ही स्वतः नारळ फोडला आणि दोन शब्द बोललो, त्यात लव्हाळ्याचा अभंगही होता.

शिमग्यापर्यंत त्यांतली बहुतेक रोपे मेली. ओल्या गाळात खड्डा घेतला की त्याच्या कडा फावड्याने थापल्या जाऊन मडक्यासारख्या होतात. मूळ आतल्या आत फिरते, बाहेर जात नाही. वापसा येऊ द्यायला हवा होता. पेरणीला वापसा लागतो हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही, आणि आम्ही सगळे शेतकऱ्यांचीच पोरे, तरी झाड लावताना ते विसरलो. कारण आम्ही शेती करीत नव्हतो, पुण्य करीत होतो! पुण्य घाईत करता येते असा आमचा समज होता. उरलेली शेळ्यांनी खाल्ली. कुंपण कोणी घालायचे हे ठरले नव्हते. आणि जी चार-दोन जगली ती २०२१ च्या पाण्यात गेली. दोष रोपे आणणाऱ्यांचा नव्हता. ती लावून पाठ फिरविणारे आम्ही होतो.

त्यानंतरच्या कार्तिकात एका रात्री भजन संपल्यावर आम्ही पुन्हा झाडांचा विषय काढला. तेव्हा हयातभर वारी केलेले एक म्हातारबाबा भिंतीला टेकून बसले होते, ते म्हणाले, “महाराज, एक इचारू का? रागावू नगासा. तुकोबांनी लव्हाळं व्हा म्हणून सांगितलंय. झाडं पुरात जात्यात, लव्हाळं ऱ्हातंय. मग तुम्ही झाडं लावा म्हणून आमच्या मागं का लागलायसा? परत पाणी येनार, परत जानार. देवाच्या मनात न्हाई ते आपुन का करायचं?”

मंडळी हसली. आम्हीही हसलो, पण उत्तर सुचले नाही. “बाबा, सांगतो पुढं,” असे म्हणून वेळ मारून नेली. घरी येऊन अंथरुणावर पडलो तरी तो प्रश्न छातीवर बसलेला. थट्टा नव्हती ती. प्रमाण देऊन विचारलेली शंका होती, आणि वारकऱ्याच्या शंकेला प्रमाणानेच उत्तर द्यावे लागते.

प्रथम असे वाटले की दृष्टान्त हा एका अंगापुरताच घ्यावा, हे सांगावे. मुख चंद्रासारखे म्हटले म्हणून मुखावर डाग शोधू नये. अभंगातले झाड हे अभिमानाचे झाड आहे, नदीकाठचा उंबर नव्हे. ज्ञानेश्वरीच्या पंधराव्या अध्यायातही एक झाड आहे, वर मुळे आणि खाली फांद्या असलेले, आणि ते असंगाच्या शस्त्राने तोडायला सांगितले आहे. म्हणून कोणी कुऱ्हाड घेऊन देवळापुढचा पिंपळ तोडावयास निघाला तर त्याला आपण काय म्हणू? त्याच माउलींनी बाराव्या अध्यायात भक्ताची समता सांगताना झाडाचीच साक्ष काढली आहे, की घाव घालणारा असो वा लावणारा असो, झाड दोघांना सारखीच सावली देते. आणि तुकोबारायांनी तर झाडावेलींना आपल्या सोयऱ्यांत गणले. म्हणजे संतांच्या घरी झाड एकाच अर्थाने येत नाही. हे उत्तर शास्त्राला धरून आहे. पण मनाचे समाधान झाले नाही. पंडिती उत्तर होते ते.

मग आम्ही अभंग सोडून नदीकडे गेलो. कोणते झाड गेले आणि कोणते राहिले, ते पाहत काठाने फिरलो. बरोबर गावचे दोन-तीन जाणते शेतकरी आणि एक धनगर मेंढका होता. जे पाहिले ते असे. जेथे काठाची माती विटांसाठी उकरून नेली होती तेथे झाडे गेली. जेथे उसाची सरी अगदी काठाच्या ओठापर्यंत नेली होती, बांधावरची झुडपे सावली पडते म्हणून काढून टाकली होती, तेथे जे एकटे मोठे झाड उरले होते ते गेले. आणि जेथे खाली लव्हाळे, त्याच्या मागे वाळा आणि निर्गुडी, मग वाळुंज आणि करंज, मग उंबर, अशी सगळी पंगत शाबूत होती, तेथे काठही राहिला, झाडेही राहिली. फांद्या मोडल्या होत्या, अंगावर चिंध्या आणि उसाची पाचट लोंबत होती, पण पाय हलला नव्हता.

तेव्हा आमच्या ध्यानात आले की लव्हाळे नुसते वाकते म्हणून वाचत नाही. त्याची मुळे खाली एकमेकांत विणलेली असतात. एक काडी कोणी लव्हाळे म्हणून लावीत नाही, ते नेहमी जाळीच असते. वर लवणे आणि खाली धरून राहणे, ही दोन्ही मिळून त्याची नम्रता आहे. आपण कीर्तनकार मंडळी वरचे तेवढे सांगतो, कारण वरचेच दिसते. आणि झाड मोठे म्हणून गेले नाही, एकटे पडले म्हणून गेले. त्याच्या पायाखालची माती आपणच नेली, त्याचे शेजारी आपणच काढले, आणि मग म्हणालो, ताठा होता म्हणून पडला. एखाद्या कर्त्या माणसाच्या घरचे सगळे आधार काढून घ्यावेत आणि तो खचला म्हणजे त्याच्या स्वभावाला बोल लावावा, तसेच हे.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, नाहीतर वाचक आम्हांला भोळे म्हणतील. झाडे लावल्याने आमच्या तालुक्यातला महापूर थांबणार नाही. सह्याद्रीवरचा पाऊस, धरणांतून सुटणारे पाणी, पात्रात आणि पूररेषेत झालेली बांधकामे, पाणी अडविणारे रस्त्यांचे भराव, हे सगळे मोठे विषय आहेत आणि ते पाटबंधारे खात्याने, सरकारने आणि नागरिकांनी जागे राहून सोडवायचे आहेत. झाड काय करते? काठ धरते. वाहून येणारा गाळ आणि ओंडके घराआधी अडविते. पाण्याचा जोर मोडते. आणि पाणी ओसरल्यावर, जेव्हा माणसाला काही करावेसे वाटत नाही, तेव्हा त्याच्या हाताला एक काम देते. हे शेवटचे आम्ही फार मोठे मानतो. ज्याची म्हैस दावणीला बांधलेली बुडाली, त्याला “धीर धर” म्हणून काही उपयोग नाही. त्याच्या हातात पहार दिली तर तो दुपारपर्यंत बोलू लागतो.

दुसरीकडेही असेच झालेले आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली-मुरूडकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दिवसात झोपविल्या. पोफळीचे रोप लावले तर सुपारी हाती यायला पाच-सात वर्षे जातात, आणि लहानपणी त्याला ऊन सोसत नाही. म्हणून बागायतदार आधी केळ लावतात, तिच्या सावलीत पोफळ वाढवितात. तिकडे जपानात २०११ च्या सागरी लाटेने रिकुझेनताकाता या गावचे सुमारे ७० हजार पाइन वृक्षांचे बन नेले. एकच झाड उभे राहिले. लोकांनी त्याला जिवापाड जपले, पण मुळांत खारे पाणी शिरल्यामुळे पुढच्याच वर्षी तेही मेले. मग गावोगावच्या स्वयंसेवकांनी येऊन तेथे हजारो रोपे पुन्हा लावली. एकटे उरलेले झाड पाहावयास लोक लांबून आले, पण बन झाले ते नव्या रोपांनी.

आता आम्ही पुढे काय केले ते सांगतो, कारण अनेक दिंड्यांच्या मंडळींनी पत्रे पाठवून विचारले आहे.

आम्हांला नवी संघटना काढावी लागली नाही. वारकऱ्याला संघटना शिकवावी लागत नाही. दिंडीत कोणी कोणाचा नोकर नसतो, तरी चोपदाराने दंड वर केला की हजारो माणूस गप्प होते. मुख्य आधार मिळाला तो सप्ताहाचा. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. रात्री दोन वाजता असो की भर दुपारी, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. त्यासाठी पहाऱ्याची यादी देवळाच्या खांबाला लावलेली असते. आम्ही म्हटले, पाण्याची तशीच यादी करू. माघापासून ज्येष्ठापर्यंत, मृगाचा पाऊस लागेपर्यंत, घागर खाली ठेवायची नाही. प्रत्येक घराला ठरलेला वार, ठरलेली झाडे. झाडाजवळ मातीचे मडके पुरायचे, तळाला बारीक भोक, त्यात वात. मडके भरले की चार दिवस ओल राहते. पहिल्या वर्षी रोपे मुद्दाम थोडी लावली. यादीत जेवढे हात, तेवढीच झाडे. हा नियम मोडण्याचा मोह फार होतो, कारण रोपे सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत मिळतात, लावणारेही मिळतात. पहारेकरी मिळत नाहीत. २०१९ साली राज्यभर ३३ कोटी झाडांचा संकल्प झाला होता. संकल्प थोरच होता, पण आमच्या गावापुरते विचाराल तर आम्ही पाणी घालणारे आधी मोजतो.

एक मोठी अडचण आमच्या संप्रदायाचीच आहे. झाडे लावण्याचा काळ आणि वारीचा काळ एकच! ज्येष्ठात पालख्या निघतात आणि गावातली धडधाकट माणसे पंढरीच्या वाटेला लागतात. यावर आम्ही असे केले. खड्डे वैशाखातच घेऊन उन्हात तापू द्यायचे. पुराच्या पाण्याबाहेरच्या उंच जागेतली झाडे, वड, पिंपळ, जांभूळ, चिंच, ही वारीहून आल्यावर सावता महाराजांच्या पुण्यतिथीला, म्हणजे आषाढ वद्य चतुर्दशीला लावायची. सावता महाराज अरणला मळ्यातच राहिले आणि देव त्यांच्याकडे आला, तेव्हा झाड लावायला यापेक्षा चांगला दिवस कोणता? पण अगदी काठाची, पूर ज्यांच्यावरून जाणार ती झाडे आषाढात लावून उपयोग नाही. ती पाऊस सरल्यावर, वापसा आल्यावर, कोजागिरीपासून कार्तिकीपर्यंत लावतो. पाणी नदीत जवळच असते. पुढच्या पुरापर्यंत त्यांना आठ-नऊ महिने मिळतात. रोपही गुडघाभर चालत नाही, कमरेच्या वर हवे. वाळुंजाच्या आणि उंबराच्या जाड फांद्या रोवल्या तरी फुटतात. बांबूचे कंद उतारावर लावतो.

मेंढक्या भावाने आम्हांला एक मोलाची गोष्ट सांगितली. “करंज आन् निर्गुडीला आमची शेरडं सहसा त्वांड लावत न्हाईत. ती बाहीरनं लावा, बाकीची आत.” कुंपणाचे पैसे वाचले. ज्याला आम्ही झाडांचा वैरी समजत होतो तो गुरू निघाला. त्याच्या कळपासाठी नदीवर जायची वाट आम्ही मोकळी ठेवली, ती त्याने मागितली नव्हती तरी. वाट ठेवली नसती तर कुंपण राहिलेच नसते, हेही खरे.

शेतकऱ्यांशी बोलणे कठीण गेले. काठाचा प्रत्येक हात कोणाच्या तरी सातबाऱ्यावर आहे. सावलीखाली ऊस धरत नाही ही त्यांची तक्रार खरी आहे, ती झटकून चालणार नाही. आम्ही कोणाच्या दारात पुण्याचा हिशेब घेऊन गेलो नाही. २०१९ पासून तुमचा काठ किती वाहून गेला तेवढे दोरीने मोजून दाखवा, म्हटले. जैन बंधूंची येथे पुष्कळ शेती आहे, त्यांच्यातल्या एका शेतकऱ्याने सर्वांआधी चार सऱ्या सोडल्या. बाहुबलींच्या अंगावर तपात वेल चढले तरी ते हलले नाहीत असे मूर्तीत दाखवितात. तो म्हणाला, “आमचा देव झाडाला अंग देतोय, मी चार सऱ्या देतो.” अशी उत्तरे आम्हांला कीर्तनात सुचत नाहीत.

आणखी एक गोष्ट आवर्जून लिहितो. काही गावांत उत्साहाने गायरानावर झाडे लावायचे ठरते. जरूर लावावीत, पण आधी विचारावे की दर पुराला ज्यांची घरे बुडतात त्यांच्या नव्या वस्तीसाठी तीच उंच जागा लागणार नाही ना? गरिबाचे घर अडवून लावलेले झाड आम्हांला नको. आमच्याकडे हा वाद झाला, कडू झाला, आणि शेवटी झाडे एका कडेला आणि घरांची जागा मोकळी असे ठरले. घरे अजून व्हायची आहेत. जागा मोकळी आहे एवढेच सांगू शकतो.

याच तालुक्यात कुंभोजला १८८७ साली कर्मवीर भाऊराव पाटलांचा जन्म झाला. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. वडाची पारंबी खाली येऊन माती धरते आणि स्वतः खोड होते, मूळचे खोड पोकळ झाले तरी झाड उभे राहते. पुराने भिजलेल्या शाळेच्या आवारात पोरांनी वडाची फांदी लावली तेव्हा आम्ही त्यांना हे सांगितले. एका पोराने विचारले, “पारंबी कधी येणार?” आम्ही म्हटले, तुझ्या पोराला विचार. तो रुसला.

आता म्हातारबाबांकडे येतो. त्यांच्या शंकेचे उत्तर आम्ही पुढच्या वर्षी भजनात दिले, जसे वर लिहिले तसेच. त्यांनी ऐकून घेतले, मान हलविली, पटले का नाही ते बोलले नाहीत. कार्तिकीच्या वारीहून आल्यावर आम्ही काठावर काम करीत होतो, तेव्हा बाबा कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत उभे राहिले. मग खाली पाण्याशी उतरले, लव्हाळ्याचे गड्डे चिखलासकट उपटून पाटीत भरले आणि आमच्या वाळुंजाच्या ओळीपुढे, अगदी पाण्याच्या ओठाला, एकाला एक लावून बसवू लागले. आम्ही म्हटले, “बाबा, ते आपोआप येतंय, लावायला कशाला पाहिजे?”

ते म्हणाले, “येतंय की. पर ह्यो म्होरं पायजे, त्यो मागं. तुम्ही उलटं लावलंय.”

आम्ही उलटेच लावले होते. वाळुंज आधी आणि त्याच्यापुढे उघडी माती. सगळी ओळ पुन्हा केली. त्यातली निम्म्याहून अधिक पुढच्या पावसातून निघाली, काही गेली. जेथे गेली तेथे पुन्हा लावतो आहोत.

बाबांनी आता पाण्याच्या यादीत नाव घातले आहे, बुधवारची पहाट. फाल्गुनाची यादी देवळाच्या खांबाला लागली आहे. दुपारचे पहारे अजून रिकामे आहेत.